बुधवारातलं पाणी

जतहून निघालेल्या एसटीत
मांडीवर आडवी धरलेली लोखंडी चावी,
त्याच्याच धोतरात गुंडाळून.
कंडक्टर म्हणाला, हे काय मावशी?
म्हटलं, भावाची चावी.
त्यानं एकदा चावीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.
एवढं मोठं कुलूप त्यानं पाहिलं नसणार.

शिदगोंडा फोनवर सांगायचा:
अक्का, मंगळवारी मी गुरुवारात पाणी सोडतो,
गुरुवारी शनिवारात,
आणि रविवारी सुट्टी घ्यावी म्हटलं तर
सोमवारातल्या बायका भांडतात.
मला वाटायचं, पोरगं एकटं राहून बिघडलं.
वार कधी जागेवर राहतात का?
आमच्याकडं वार टँकरच्या हिशेबानं:
आला तर वार,
नाही आला तर नुसताच दिवस.

आज पाहिलं. साताऱ्यात वार जागेवर राहतात.
चढाला, उताराला, बोळाच्या तोंडाशी,
पत्र्याच्या पाटीवर, कंदी पेढ्याच्या दुकानाशेजारी.
माणूस शनिवारातून निघून पायी
गुरुवारात जाऊ शकतो, मागं.
वाटेत चहा घेतला तरी अर्धा तास.

मंगळवार तळ्यासमोर त्याची खोली होती.
हिरवं, जड पाणी. दगडी पायऱ्या.
किल्ल्याचा डोंगर पाण्यात उलटा, तटासकट,
निर्माल्याच्या एका पिशवीपाशी जरा फाटलेला.
कुणाच्या काळचं तळं, कुणी बांधलं,
सगळं इलाहीभाई शिकलगारांनी सांगितलं.
मी विसरले.
मी एवढंच बघत होते
की एवढं पाणी
आणि काठावर एकही घागर नाही.

नगरपालिकेत दोन जिने.
आवकजावकच्या बाईंनी चावी टेबलावर घेतली,
खालचे कागद दबले,
रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं, पान उलटलं.
नोंद नाही, म्हणाल्या.
ही आमची नाही. ही त्यांनी स्वतः करून घेतलेली दिसते.
खाली, दांड्यावर, छिन्नीनं कोरलेलं: शि. जत.
घेऊन जा.
त्यांनी पाणी विचारलं. मी प्याले.
त्याच डोंगरावरून उतरलेलं असणार, कासचं,
गार, आणि नळाची किंचित चव.

तो बुधवारी गेला.
मिरजेच्या दवाखान्यात, पहाटे चारला.
तेव्हापासून माझ्या आठवड्याला सहाच वार.
बुधवारी मी उठत नाही, उठले तर बोलत नाही,
सून म्हणते, आत्याबाईंना आज काही विचारू नका.

जिना उतरताना विचारलं,
इलाहीभाई, बुधवार कुठंय?
त्यांनी घड्याळ पाहिलं.
चला, म्हणाले, पाचला तिथंच सोडायचंय.

रस्त्यात झाकण. झाकणाखाली खड्डा,
खड्ड्यात अंधार, एक बेडूक, आणि चौकोनी डोकं.
चावी बसली.
मी आयुष्यभर पाणी ओढलंय, उचललंय,
रांगेत उभं राहून भांडून आणलंय.
सोडलं कधी नव्हतं.
शिदूचे अकरा आटे, इलाहीभाई म्हणाले,
बाराव्याला वायसर जातो, जपून.
चौथ्याला हात भरून आले.
सातव्याला खाली कुणीतरी घसा खाकरला.
नवव्याला पायाखालचा रस्ता वाहू लागला.

बोळात बादल्यांचे आवाज.
एक बाई उंबऱ्यातूनच ओरडली,
आज दहा मिनिटं उशीर! आमचा जतवाला कुठंय?
इलाहीभाई खड्ड्यात बघत राहिले.
मी म्हटलं, मी त्याची बहीण.
मग सांगा त्याला, ती म्हणाली,
आमच्या टोकाला प्रेशर येत नाही.
सांगते, म्हटलं.

स्टँडवर पेढे घेतले, पाव किलो.
गाडीत बसल्यावर कळलं
धोतर ओलं झालंय, खालचं लुगडंही.
कराडपर्यंत गार लागत होतं.
पुढं वाळलं.